कोपनहेगनमध्ये नव्या नॉर्डिक पद्धतीचे जेवण : पूर्वतयारीपासून बिलापर्यंत

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे नव्या नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपीय, पद्धतीच्या रेस्टॉरंटमध्ये जेवायचे ठरवले, तर आधी महिना ठरवावा आणि रेस्टॉरंट त्यानंतर निवडावे. त्या आठवड्यात त्या प्रदेशात काय उगवते, समुद्रातून काय येते आणि मागच्या उन्हाळ्यात काय मुरवून ठेवले आहे, यावर या स्वयंपाकाचा सगळा डोलारा उभा असतो. त्यामुळे मे महिन्यात गेलेला पाहुणा आणि जानेवारीत गेलेला पाहुणा एकाच टेबलावर बसूनही दोन निराळी जेवणे जेवून परत येतात. महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून जाणाऱ्यांच्या मनात याखेरीजही शंका असतात. शाकाहाऱ्यांची तिथे कितपत सोय होते, अंडे चालत नसेल तर ते कसे कळवावे, व्हिसा मिळाला नाही तर आगाऊ भरलेल्या पैशांचे काय होते, या प्रश्नांची उत्तरे पुढे क्रमाने दिली आहेत.

पाककृतीमागचा विचार

खाद्यव्यावसायिक क्लाउस मायर आणि शेफ रेने रेडझेपी यांच्या पुढाकाराने २००३ साली कोपनहेगनच्या ख्रिस्तियान्सहाउन भागातील एका जुन्या गोदामात ‘नोमा’ हे रेस्टॉरंट सुरू झाले. त्या काळी उत्तर युरोपात उंची जेवण म्हणजे फ्रेंच जेवण असे समीकरण होते. पुढल्याच वर्षी, २००४ मध्ये, नॉर्डिक देशांतील बारा शेफनी दहा कलमांच्या एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. शुद्धता, ताजेपणा, साधेपणा आणि नीती यांचा आग्रह, ऋतूंचे प्रतिबिंब ताटात दिसणे, आणि आपल्या हवामानात, मातीत व पाण्यात जे उत्तम येते त्यावरच स्वयंपाक उभा करणे, हा त्याचा गाभा होता. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या चांगल्या प्रेरणांची आपल्या परंपरेशी सांगड घालावी, असेही त्यात स्पष्ट म्हटले होते. जपानी पद्धतीने आंबवलेले पदार्थ या जेवणात सर्रास दिसतात, ते या कलमाला धरूनच आहे. नोमाला २०१० मध्ये जगातील पन्नास सर्वोत्तम रेस्टॉरंटांच्या यादीत पहिले स्थान मिळाले आणि तेव्हापासून कोपनहेगन हे खवय्यांचे गाव झाले.

जेवायला बसण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेतली, तर पुढची निम्मी चव आपोआप कळते. डेन्मार्कमध्ये लिंबू पिकत नाही, ऑलिव्ह पिकत नाही आणि मिरी-लवंगेसारखे मसाले तर नाहीतच. मग आंबटपणा आणायचा कुठून? तो येतो समुद्रकाठच्या काटेरी झुडपांवरील नारिंगी सी बकथॉर्नच्या फळांतून, ज्यांच्याच कुळातले फळ आपल्याकडे लडाखमध्ये ‘लेह बेरी’ म्हणून विकले जाते. तो रुबार्बच्या देठांतून येतो, कच्च्या बेरीवर्गीय फळांच्या लोणच्यातून येतो, ताकातून आणि सफरचंदाच्या व्हिनेगरमधून येतो. काही वेळा तो मुंग्यांतूनही येतो. नोमाने मुंग्या वाढल्या तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. पण मुंगीतील फॉर्मिक आम्ल आंबट लागते, ही गोष्ट गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमधील लाल मुंग्यांची चटणी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना सांगावी लागत नाही. तिखटाची जागा हॉर्सरॅडिशचे किसलेले मूळ आणि मोहरी घेतात. तेलाच्या जागी लोणी किंवा रेपसीड तेल असते. सुगंध बडीशेपेच्या कुळातल्या डिलचा, स्प्रूस वृक्षाच्या कोवळ्या कोंबांचा आणि रानातल्या वुडरफ या वनस्पतीचा असतो.

दुसरी गोष्ट साठवणीची. हिवाळा लांब आणि अंधारा असल्यामुळे उन्हाळ्यात मिळेल ते खारवणे, वाळवणे, धुरावणे आणि आंबवणे हा तिथला जुना रिवाज आहे. चैत्र-वैशाखात कुरडया, सांडगे आणि लोणची घालून ठेवणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हा हिशेब परका वाटत नाही. नव्या नॉर्डिक शेफनी या रिवाजाला प्रयोगशाळेची शिस्त दिली. मिठात आंबवलेले आलुबुखार, पिवळ्या वाटाण्याचा मिसो हा आंबवलेला खारट लगदा, आणि कोजी नावाच्या बुरशीच्या साहाय्याने मांस, मासे किंवा अळंबी यांच्यापासून तयार केलेला ‘गारुम’ हा खारट-रसदार अर्क, हे सगळे त्यातून आले. या गारुमकडे पुढे आहाराच्या संदर्भात पुन्हा वळावे लागेल.

पहिली पायरी : महिना ठरवणे

एप्रिल आणि मे हे महिने कोवळ्या हिरवाईचे. जंगलात रॅमसन्स नावाची लसणाच्या कुळातली रुंद पाने फुटतात आणि त्यांचा वास ताटभर दरवळतो. शतावरीच्या कोंबांचा हंगामही याच वेळी सुरू होतो आणि परंपरेने जूनअखेरच्या संत हान्सच्या सणापर्यंत चालतो. जूनमध्ये नवे बटाटे, एल्डरफ्लॉवरची फुले आणि स्ट्रॉबेरी येते. डॅनिश लोक नव्या बटाट्याबद्दल ज्या जिव्हाळ्याने बोलतात तो पाहिला, की आपल्याकडचे पहिल्या हापूसबद्दलचे बोलणे आठवते. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत शँटरेल अळंबी, वाटाणे, बेरी आणि भाज्या यांची रेलचेल असते. शरद ऋतूत शिकारीचे मांस, रानातील अळंबी, सफरचंदे आणि नाना प्रकारची कंदमुळे येतात. जानेवारी ते मार्च हा समुद्राचा काळ, कारण थंड पाण्यातील कालवे आणि शिंपले तेव्हा सर्वांत चांगले असतात.

नोमाने २०१८ मध्ये रेफशालेओएन भागाजवळच्या नव्या जागेत गेल्यावर वर्षाची अशीच विभागणी केली. हिवाळ्यात समुद्र, उन्हाळ्यात भाज्या आणि शरदात रान व शिकार असे तीन मेनू त्यांनी ठरवले. इतर रेस्टॉरंटे असे फलक लावत नसली, तरी त्यांची ताटेही याच चक्राने फिरतात. माझ्या मते शाकाहारी वाचकांनी जूनचा उत्तरार्ध ते ऑगस्टचा शेवट या काळात जावे आणि मासे आवडणाऱ्यांनी फेब्रुवारी-मार्चची थंडी सोसावी. मात्र जुलैमध्ये बरीच चांगली रेस्टॉरंटे दोन-तीन आठवडे सुट्टी घेतात. नाताळाच्या आसपासही तेच होते. रविवार व सोमवारी बंद असणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी निवडलेल्या रेस्टॉरंटच्या संकेतस्थळावर सुट्टीचे आठवडे पाहून घ्यावेत.

दिवसाची लांबीही विचारात घ्यावी. जूनअखेरीस कोपनहेगनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि डिसेंबरमध्ये दुपारी पावणेचारच्या आधीच. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या जैन कुटुंबांना उन्हाळ्यात सहा वाजता बसून पूर्ण लांबीचे जेवण उजेडातच संपवता येते. हिवाळ्यात त्यांनी दुपारचे टेबल घ्यावे, आणि तेही लवकरचे.

दुसरी पायरी : रेस्टॉरंट निवडणे

पहिल्याच वेळी सर्वांत प्रसिद्ध नावामागे धावावे, असे मला वाटत नाही. वीस पदार्थांचा मेनू हा एक अनुभव असतो हे खरे, पण सात-आठ पदार्थांच्या जेवणात जीभ ताजी राहते आणि प्रत्येक पदार्थ लक्षात राहतो.

वरच्या श्रेणीत नोमाखेरीज ‘गेरानियम’चे नाव आधी घ्यावे लागते. फेलेडपार्क या बागेलगतच्या फुटबॉल स्टेडियमच्या आठव्या मजल्यावर हे रेस्टॉरंट आहे. त्याचे शेफ रासमुस कोफोएड यांनी २०११ मध्ये ‘बोक्यूझ दोर’ ही पाककलेतील मानाची स्पर्धा जिंकली, २०१६ मध्ये मिशेलिन या नामांकित रेस्टॉरंट-मार्गदर्शिकेचे सर्वोच्च तीन तारे डेन्मार्कमध्ये पहिल्यांदा मिळवले आणि जानेवारी २०२२ पासून मेनूतून मांस पूर्णपणे काढून टाकले. त्याच वर्षी ते जगाच्या यादीत पहिले आले. तिथे समुद्री पदार्थ आणि भाज्या असतात. त्यामुळे घरात एकजण मासे खाणारा आणि दुसरा शाकाहारी असेल, तर दोघांसाठी ही निवड योग्य ठरते. ‘कादो’ हे रेस्टॉरंट बाल्टिक समुद्रातील बोर्नहोल्म बेटावर सुरू झाले आणि नंतर कोपनहेगनमध्ये आले. त्या बेटावरच्या साठवणीच्या पदार्थांवर त्याचा भर आहे आणि ‘स्थानिक’ हा शब्द तिथे एका बेटापुरता अगदी नेमका होतो. रासमुस मुंक यांचे ‘अल्केमिस्ट’ही अनेकांच्या यादीत असते, परंतु घुमटाखाली दृश्ये दाखवत घडणारे ते जेवण नाट्याकडे अधिक झुकते. स्थानिक पिकांची चव हा मुख्य हेतू असेल, तर ते पहिल्या भेटीत वगळले तरी चालेल.

मधल्या श्रेणीत ‘होस्ट’सारखी ठिकाणे आहेत. तिथे कमी पदार्थांचा ठरावीक मेनू असतो, लाकूड, दगड आणि मंद उजेड यांची तीच मांडणी असते आणि खर्च वरच्या श्रेणीच्या काही हिश्श्यातच भागतो. नव्या माणसाने या पायरीवर सुरुवात करावी, हा माझा ठाम सल्ला आहे.

जाण्यापूर्वी सराव हवा असेल, तर मुंबईत महालक्ष्मी भागातील जुन्या गिरणीच्या आवारात २०१६ मध्ये सुरू झालेले ‘मास्क’ आहे. भारतीय ऋतू आणि भारतीय पिके घेऊन तिथे असाच ठरावीक मेनू वाढला जातो. दोन-तीन तास एका लयीत, दुसऱ्याने ठरवलेल्या क्रमाने जेवणे आपल्याला आवडते का, हे परदेशी चलन खर्च करण्यापूर्वी कळलेले बरे. मुंबईत वाढलेल्या गरिमा अरोरा यांनी नोमाच्या स्वयंपाकघरात काम केले होते. पुढे २०१७ मध्ये त्यांनी बँकॉकला ‘गा’ सुरू केले आणि मिशेलिन तारा मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. या विचाराची आपल्याकडची वाट तिथूनही जाते.

तिसरी पायरी : आपला आहार नेमका कळवणे

मराठी वाचकांसाठी ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि बहुतेक मनस्ताप तिच्याकडे दुर्लक्ष केल्यानेच होतो. अशा रेस्टॉरंटमध्ये मेनू एकच असतो आणि प्रत्येक पदार्थाची तयारी काही दिवस, कधी काही महिने आधी झालेली असते. टेबलावर बसल्यावर ‘मी शाकाहारी आहे’ असे सांगितले, तर स्वयंपाकघर फार काही करू शकत नाही. म्हणून आरक्षण करताना जो रकाना दिलेला असतो त्यात आणि शिवाय वेगळ्या ईमेलने, किमान आठवडाभर आधी, सगळे लेखी कळवावे. शाकाहारी मेनू देणार की नाही, हे काही ठिकाणी आधीच स्पष्ट केलेले असते. ‘देत नाही’ असे लिहिले असेल, तर तिथे आग्रह धरू नये आणि दुसरे ठिकाण शोधावे.

काय लिहावे हे नीट पाहू. युरोपात शाकाहारी म्हणजे मांस आणि मासे न खाणारा. अंडे त्यात गृहीत धरलेले असते. त्यामुळे अंडे चालत नसेल, तर ते स्वतंत्र वाक्यात लिहावे आणि ‘केकमध्ये, सॉसमध्ये किंवा आइस्क्रीममध्येही चालत नाही’ असे जोडावे, कारण अंड्याच्या पिवळ्या बलकावर तिथली बरीचशी गोडे उभी असतात. जिलेटिनचा उल्लेख करावा. चीजसाठी दूध घट्ट करणाऱ्या प्राणिज रेनेटबद्दल कटाक्ष असेल, तर तोही लिहावा. मासे खाणाऱ्याला गोमांस किंवा डुकराचे मांस चालत नसेल, तर केवळ ‘ते मांस नको’ असे न म्हणता ‘त्याची चरबी, हाडांचा रस्सा आणि त्यापासून आंबवलेला गारुमही नको’ असे लिहावे.

गारुमचा मुद्दा इथे येतो. भाजलेल्या कोबीच्या पानावर तकतकीत तपकिरी थर दिसतो, त्यात नजरेला मांसाचा अंशही नसतो, पण तो थर गोमांसाच्या गारुमचा असू शकतो. भाजीचा म्हणून वाढलेला पातळ रस्सा माशांच्या हाडांवर शिजलेला असू शकतो. हे लपवण्याच्या हेतूने केलेले नसते. तिथल्या शेफच्या दृष्टीने ती केवळ चव वाढवणारी फोडणी असते आणि आपण विचारले तर तो प्रामाणिकपणे सांगतो. मात्र आपल्याला ते आधीच विचारावे लागते. अळंबीपासून केलेला गारुमही असतो आणि आधी कळवले असेल, तर बहुतेक स्वयंपाकघरे तोच वापरतात.

जैन आहाराबद्दल स्पष्टच लिहिले पाहिजे. कंदमुळे हा नॉर्डिक स्वयंपाकाचा कणा आहे. सेलेरियाक, बीट, गाजर, बटाटा, जेरुसलेम आर्टिचोक यांच्याशिवाय शरद आणि हिवाळ्याचा मेनू उभाच राहत नाही. कांदा आणि रॅमसन्स जवळपास सगळीकडे असतात. आंबवलेले पदार्थही चालत नसतील, तर मग फारसे काही उरत नाही. उन्हाळ्यात वाटाणे, काकडी, कोबी, फळे आणि धान्ये यांवर एखादे मध्यम श्रेणीचे रेस्टॉरंट जेवण बेतून देऊ शकते. मोठ्या मेनूचा हट्ट मात्र धरू नये.

लिहिताना ॲलर्जी, धर्म किंवा तत्त्व आणि निव्वळ नावड या तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. एखादा पदार्थ आवडत नाही म्हणून ‘ॲलर्जी आहे’ असे लिहिले, तर स्वयंपाकघर भांडी, सुऱ्या आणि जागा वेगळ्या करते आणि त्यात अनेकांचे श्रम जातात. नावड कळवण्याऐवजी तो पदार्थ एकदा चाखून पाहावा, असे मी म्हणेन. पाठवलेल्या ईमेलला आलेले उत्तर फोनमध्ये जपून ठेवावे आणि टेबलावर बसताच त्याची एकदा आठवण करून द्यावी.

चौथी पायरी : टेबल, पैसे आणि व्हिसा

प्रसिद्ध ठिकाणांची टेबले साधारण दोन-तीन महिने आधी, ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी ऑनलाइन खुली होतात. नोमा आपले हंगाम वेगळे जाहीर करते आणि काही काळ परदेशात मुक्काम हलवते, म्हणून त्याच्याबाबत अधिकृत संकेतस्थळाखेरीज कशावरही विसंबू नये. डेन्मार्कची वेळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते. तिथे सकाळी दहाला आरक्षण खुले होत असेल, तर आपल्याकडे जानेवारीत दुपारचे अडीच आणि जूनमध्ये दीड वाजलेला असतो. दोघांचे टेबल सर्वांत आधी संपते. चौघे असाल किंवा दुपारची वेळ चालत असेल, तर शक्यता वाढते. प्रतीक्षायादीत नाव अवश्य घालावे, कारण शेवटच्या आठवड्यात बरीच आरक्षणे रद्द होतात.

वरच्या श्रेणीत जेवणाचे पूर्ण पैसे आधी भरावे लागतात आणि ते सहसा परत मिळत नाहीत. नाटकाच्या तिकिटासारखे ते दुसऱ्याच्या नावे करता येते का, हे नियमांत पाहून घ्यावे. डेन्मार्कसाठी लागणारा शेंगेन व्हिसा हाती येण्यापूर्वी असे तिकीट घेणे म्हणजे दुहेरी जोखीम आहे. तरीही घ्यायचेच असेल, तर तिकीट हस्तांतरित करता येते अशाच ठिकाणी घ्यावे. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार मूळात बंद ठेवलेले असतात. ते बँकेच्या ॲपमधून सुरू करावेत, मर्यादा वाढवावी आणि ओटीपी येणारा क्रमांक तिथेही चालू राहील याची तजवीज करावी.

खर्चाचा अंदाज बांधताना डॅनिश क्रोनचे गणित सोपे आहे. क्रोन हे चलन युरोशी बांधलेले असून एका युरोला सुमारे ७.४६ क्रोन मिळतात, म्हणजे युरोच्या रुपयांतील दराला त्या संख्येने भागले की क्रोनचा दर निघतो. मधल्या श्रेणीत माणशी काही शे क्रोन आणि वरच्या श्रेणीत काही हजार क्रोन लागतात. वाइनची जोड घेतली, तर आकडा जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. एवढी किंमत का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. एका पाहुण्यामागे जवळपास एक माणूस राबत असतो, आणि तेही पूर्वी अनेकदा बिनपगारी शिकाऊ उमेदवारांच्या जोरावर चालत असे. नोमाने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये उमेदवारांना पगार देणे सुरू केले आणि पुढच्याच जानेवारीत रेडझेपी यांनी हा नमुना आर्थिक आणि मानवी दृष्टीने टिकणारा नाही असे जाहीर केले. उंची जेवण घेणाऱ्याने ही बाजूही ठाऊक करून घ्यावी.

पाचवी पायरी : त्या दिवशी

विमानातून उतरलेल्या संध्याकाळी टेबल घेऊ नये. रात्री दहाला गोड पदार्थ येतो तेव्हा आपल्या शरीराच्या घड्याळात दीड किंवा अडीच वाजलेले असतात आणि जीभ काहीच टिपत नाही. निदान दोन रात्री झोप झाल्यावरचा दिवस निवडावा. दुपारी हलके खावे, पण अगदी उपाशी जाऊ नये, कारण पहिला अर्धा तास एकेका घासाचाच असतो. वेळेवर पोहोचावे. तिथे पंधरा मिनिटांचा उशीर हा खरोखरच उशीर मानला जातो. कोट-टाय लागत नाही. स्वच्छ, नीटनेटका पोशाख पुरतो आणि साडी किंवा कुर्ता उत्तम दिसतो, मात्र वर गरम कोट हवा. परफ्यूम टाळावा, कारण या जेवणात वास फार कोवळे असतात. परतीची काळजी करू नये. कोपनहेगनची मेट्रो चोवीस तास धावते. रेफशालेओएनहून मात्र बस, टॅक्सी किंवा सायकल लागते.

सहावी पायरी : टेबलावर

तिथे बरेचदा शेफच पदार्थ घेऊन येतात आणि दोन वाक्यांत माहिती देतात. ती वाक्ये ऐकावीत, कारण ताटाशेजारी वाचायला मेनू नसतो. तो सहसा शेवटी हातात देतात. पहिले चार-पाच पदार्थ हाताने खायचे असतात, आणि या बाबतीत आपण निश्चिंत असावे. गेरानियमच्या एका प्रसिद्ध पदार्थात लांबट शिंपल्याचे कवचही खाण्याजोगे असते. पातळ पिठाचे ते कवच हुबेहूब खऱ्या शिंपल्यासारखे रंगवलेले असते. उलट काही ठिकाणी ताटात खरी डहाळी, शेवाळ किंवा दगड केवळ मांडणीसाठी असतात. कोणते खायचे आणि कोणते नाही, हे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

मग पाव येतो, आणि या टप्प्यावर मी प्रत्येकाला सावकाश होण्याची विनंती करीन. जुन्या जातीच्या गव्हाचा किंवा राय नावाच्या धान्याचा, दोन दिवस आंबवलेला जाड सालीचा पाव भट्टीतून निघून थोडा वेळ विसावलेला असतो. कापताना साल कडकन मोडते आणि आतला भाग ओलसर, किंचित करडा, मोठ्या छिद्रांचा दिसतो. शेजारी लोणी असते. ते आंबवलेल्या सायीचे असल्याने त्याला आपल्या घरच्या लोण्याची किंचित आंबट चव असते. पाव तसाच चाखावा, मग लोणी लावून खावा आणि दुसरा तुकडा राखून पुढच्या पदार्थाचा रस पुसायला वापरावा. तिथे तो शिष्टाचारच आहे. फक्त तिसरा तुकडा मागू नये, कारण मुख्य पदार्थ अजून यायचे असतात.

मुख्य पदार्थांत भाजीला मांसाइतका मान मिळतो, आणि या पाककृतीतील हीच गोष्ट मला सर्वाधिक मोलाची वाटते. मिठाच्या आवरणात तासन्‌तास भाजलेले सेलेरियाकचे मूळ टेबलाशेजारी आणून फोडतात, वाफ निघते, आणि त्याचे काप करून वर ताकाचे आणि डिलच्या तेलाचे हिरवे ठिपके असलेले सॉस ओततात. मीठ-मिरची मागण्याचा मोह होईल, कारण पहिल्या घासाला ते सपक वाटते. दोन-तीन घास थांबावे. मातकट गोडी, मग ताकाचा आंबटपणा आणि शेवटी डिलचा वास असा क्रम लागला की तिखटाची आठवण मागे पडते. एखादा पदार्थ खाववत नसेल, तर तो शांतपणे बाजूला ठेवावा. ते कारण विचारतील, तेव्हा खरे सांगावे.

पेयांत मद्य न घेणाऱ्यांची इथे चांगली सोय असते. वाइनच्या जोडीने रसांची स्वतंत्र मालिकाही देतात. सफरचंद, बीट, सी बकथॉर्न, एल्डरफ्लॉवर, कोम्बुचा (आंबवलेला चहा) यांपासून प्रत्येक पदार्थासाठी वेगळे पेय बेतलेले असते. वाइन द्राक्षांच्या देशांतून येते, पण हे रस मात्र तिथल्याच बागांतले असतात, म्हणून मद्य घेणाऱ्यांनीही निदान अर्धी मालिका रसांची घ्यावी. कॉफी, चॉकलेट आणि साखर यांना ‘स्थानिक’ म्हणता येत नाही, आणि ही रेस्टॉरंटे तसा दावा करत असतील, तर त्यांना प्रश्न विचारण्याचा हक्क पाहुण्याला आहे. फोटो काढायला हरकत नसते, फ्लॅश मात्र वापरू नये. जेवणानंतर स्वयंपाकघर पाहण्याची इच्छा सांगितली, तर बरेचदा ते आनंदाने दाखवतात. बरण्यांच्या फळ्या तेव्हा आवर्जून पाहाव्यात.

बिल

डेन्मार्कमध्ये छापील किमतीत २५ टक्के मूल्यवर्धित कर आणि सेवा दोन्ही धरलेले असतात. टिप ऐच्छिक आहे. विशेष समाधान वाटले तर द्यावी, न दिल्यास कोणी नाराज होत नाही. नळाचे पाणी उत्तम असते, तरी वाढलेल्या पाण्याचे माणशी शुल्क लावण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. कार्डयंत्र रुपयांत की क्रोनमध्ये असे विचारील, तेव्हा क्रोन निवडावे. रुपये निवडल्यास विनिमयाचा दर महाग पडतो. युरोपबाहेरील कार्डावर काही ठिकाणी थोडे जादा शुल्क लागते.

कमी खर्चात आणि मुलांसह

दहा वर्षांखालील मुलांना चार तासांच्या जेवणाला नेणे मुलांवरही अन्याय आहे. त्यांच्यासाठी आणि मर्यादित खर्चासाठी दिवसाचा मार्ग चांगला. नोमात काम केलेल्या पेस्ट्री शेफने सुरू केलेल्या ‘जुनो’ बेकरीचा वेलचीचा बन सकाळी घ्यावा. रांग असते, पण ती भराभर पुढे सरकते. ‘ग्रोड’ नावाची उपाहारगृहे २०११ पासून धान्यांच्या लापशीवर चालतात आणि शाकाहाऱ्याला तिथे फारशी विचारपूस करावी लागत नाही. दुपारी रायच्या पावावर रचलेले स्मोरब्रोड खावे. नव्या बटाट्याचा शाकाहारी प्रकार उन्हाळ्यात बहुतेक ठिकाणी असतो, मात्र वर अंडे किंवा मेयोनीझ आहे का, ते विचारावे. नोरेपोर्ट स्थानकाजवळच्या तोर्वेहालर्न या बाजारात हंगामाची भाजी, चीज आणि फळे एकाच ठिकाणी दिसतात. संध्याकाळच्या मोठ्या जेवणाच्या आदल्या दिवशी तिथे एक फेरी मारली, तर दुसऱ्या दिवशी ताटात येणारी निम्मी पिके ओळखता येतात.

कोपनहेगनबाहेर

एकाच प्रवासात दुसरे शहर जोडायचे असेल, तर स्टॉकहोममधील निकलास एकस्टेड्ट यांचे ‘एकस्टेड्ट’ निवडावे. तिथे लाकडाच्या विस्तवावरच स्वयंपाक होतो आणि चुलीवरची चव ओळखणाऱ्याला ती लगेच जवळची वाटते. ऑस्लोमधील ‘माएमो’ला २०१६ मध्ये तीन तारे मिळाले. रेक्याविकच्या ‘दिल’ने २०१७ मध्ये आइसलँडला पहिला तारा मिळवून दिला. आइसलँडमध्ये मासे आणि मेंढीचे मांस यांना भाजीपेक्षा जास्त वाव असल्याने शाकाहाऱ्यांनी तिथे विचारणा दुप्पट काळजीने करावी आणि होकार लेखी आल्याखेरीज पैसे भरू नयेत.